ताणापोटी खा-खा सुटते तेव्हा

नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातल्या ऑफिसांत दुपारचा डबा साधारण एकच्या सुमाराला उघडतो. तिथे काम करणारी माणसं राहतात घोडबंदर रोडला, कळव्याला, खारघरला, आणि त्यांच्या घरी रात्रीचं ताट साडेनऊच्या आत क्वचितच वाढलं जातं. मधल्या आठ-साडेआठ तासांत पोटात काय जातं? दोन-तीन कटिंग, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा तुकडा, ड्रॉवरमधली बिस्किटं. मग घरी पोचल्यावर चप्पल काढल्या काढल्या फरसाणाचा डबा. आहाराचा सल्ला घ्यायला येणारी माणसं हा भाग आवाज खाली आणून सांगतात. "मॅडम, बाकी सगळं व्यवस्थित असतं हो, संध्याकाळी कंट्रोलच राहत नाही."

कंट्रोलचं नंतर बघू. आधी त्या आठ तासांचं बघायला हवं. ताणापोटी होणाऱ्या खाण्यावर बोलताना बहुतेक जण थेट मनाला हात घालतात: ध्यान करा, सकारात्मक राहा, सोमवारपासून साखर बंद. उपाशी माणसाला ध्यान शिकवून काही होत नाही. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. पहिल्यांदा पोट, मग घर, मग मनातली लाट, आणि सगळ्यात शेवटी ताणाचं मूळ. घाई न करता हे सगळं बसवायला दीड-दोन महिने धरा.

त्याआधी हे होतं कसं ते थोडक्यात. अचानक धक्का बसला की अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि भूक मरते. बारावीच्या पेपरच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत ते यामुळे. पण ताण रोजचा झाला, आठवडेच्या आठवडे चालू राहिला, की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं आणि भूक वाढवतं, तीही गोड-तेलकट पदार्थांची. त्यात झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. वर, खाल्ल्यावर खरंच बरं वाटतं. दहा-पंधरा मिनिटं का होईना, पण वाटतं. मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच डब्याकडे बोट दाखवतो. यात आळशीपणा नाही, हावरटपणाही नाही. तुमच्याकडे ताण उतरवायचा एक उपाय आहे, तो चालतो, फक्त महाग पडतो. तो नुसता काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर तो परत येणारच.

आठवडाभर फक्त लिहायचं

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. जे खाताय ते खा. अवेळी किंवा गरजेपेक्षा जास्त खाल्लंत असं वाटलं, की चार गोष्टी टिपून ठेवा: किती वाजले होते, काय खाल्लं, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, आणि आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. वही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाका, तारीख-वेळ आपोआप पडते. कॅलरी लिहू नका, वजन करू नका. आकडे आले की माणूस स्वतःवर खटला चालवायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी लिहिणंच थांबतं.

आठवड्याच्या शेवटी, आधीचं खाणं चार तासांहून जुनं होतं अशा नोंदींवर खूण करा. बऱ्याच जणांच्या वहीत निम्म्या तरी खुणा तिथेच पडतात. ज्याला ते ताण म्हणत होते, त्यातली मोठी बाजू साधी भूक निघते. ताणाने भुकेला धार आणलेली असते, इतकंच.

खूण न पडलेल्या नोंदींतही काहीतरी ठरावीक दिसतं. क्लायंटचा कॉल संपला की, मुलांचा अभ्यास घेऊन झाला की, रविवारी रात्री उद्याच्या विचाराने, किंवा घरातले सगळे झोपल्यावर मोबाइल हातात घेऊन. ही दुसरी यादी खरी ताणाची. तिच्यावर काम पुढे करायचं आहे, आत्ता फक्त ती ओळखून ठेवा.

आणि त्या क्षणी भूक पोटाची की मनाची हे कळत नसेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: समोर गरम वरण-भात आला तर खाईन का? उत्तर हो असेल तर भूक आहे, जेवा. 'वरण-भात नको, पण शेव चालेल' असं उत्तर आलं, तर प्रकरण दुसरं आहे. ही चाचणी दर वेळी अचूक नसते, मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत तर दोन्ही उत्तरं एकदमच येतात. तरी बहुतेक वेळा काम भागतं.

पाच-साडेपाचचं खाणं

या सगळ्यात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ऑफिस सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी, जागेवर किंवा कॅन्टीनमध्ये बसून, नीट खा. 'तोंडात टाकायला काहीतरी' एवढ्याने भागत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तग धरेल असं हवं. गाडीत खाऊ म्हणाल तर ट्रान्स हार्बर लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीत डबा उघडायला हात तरी मोकळे हवेत. ठाण्याला उतरून पुढे घोडबंदरला जायचं असेल तर रिक्षाच्या रांगेत आणि कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये आणखी तासभर जातो, आणि नेमकी तिथेच भूक डोक्यात जाते.

खाण्यात दोन गुण हवेत. प्रथिनं असावीत, कारण ती पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. आणि चव असावी, नाहीतर बुधवारपर्यंत कंटाळा येतो. मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे हा सगळ्यात बिनत्रासाचा पर्याय. सोबत केळं किंवा पेरू. सकाळी डबा भरतानाच वाफवलेली मोडाची मटकी वेगळ्या डब्यात घ्या आणि खाताना वरून कांदा, लिंबू, थोडी शेव घाला. शेव घाला असं मुद्दाम म्हणतेय. ती दोन चमचे असली की भेळेसारखी लागते आणि मन भरतं. उकडलेली दोन अंडी, पोळीत गुंडाळलेली उसळ, थालीपीठ आणि दही, सातूचं पीठ ताकात कालवून, यातलं काहीही चालेल. दुकानातल्या 'डाएट' चिवड्याच्या पाकिटावर पैसे घालवू नका. बहुतेकदा तो चिवडाच असतो, फक्त महाग.

आणि वडापाव? साडेपाचला भूक लागली म्हणून ठरवून, बसून, एक वडापाव खाल्लात तर त्यात काहीही बिघडलं नाही. सात वाजता ठाणे स्टेशनबाहेर भान हरपून उभ्या उभ्या दोन खाणं आणि वर घरी येऊन जेवणं, ही वेगळी गोष्ट. पदार्थ तोच असतो, तुम्ही कोणत्या अवस्थेत त्याच्यासमोर उभे राहता यावर सगळं ठरतं.

दुपारचा डबाही तपासून घ्या. तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा दुधीची भाजी, एवढ्यावर संध्याकाळ निघत नाही. वाटीभर डाळ, उसळ, दही, अंडं, माशाचा तुकडा, यातलं एक रोज हवं. हे इतकं साधं आहे की लोक ऐकून घेतात आणि करत नाहीत. सकाळी सव्वासातला घर सोडणाऱ्याला डाळीचा डबा म्हणजे सांडलवंड वाटते हेही खरं. घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, किंवा आदल्या रात्रीच्या उसळीतली वाटीभर बाजूला काढून ठेवा.

उपासाचं इथेच सांगून टाकते. श्रद्धेने केलेल्या उपासाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण 'काल जास्त झालं, आज गुरुवार पकडून काहीच खात नाही' हा हिशेब घातक आहे. दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या आज्यांनी डोळ्यांनी बघूनच केली असणार. शास्त्रही तेच सांगतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. ती माणसं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, स्वप्नात अन्न बघायची. प्रयोग संपल्यावरही काहींना खूप खाऊनसुद्धा पोट भरल्यासारखं वाटेना. मुळात या मुलांचं खाण्याशी काही वाकडं नव्हतं. त्यांना अर्धपोटी ठेवलं होतं, बस.

पाचचं खाणं दोन आठवडे सलग झालं की वहीतल्या संध्याकाळच्या नोंदी कमी होतात. झाल्या नाहीत तर प्रमाण कमी पडतंय का ते आधी बघा.

घरात शिरल्यानंतरची वीस मिनिटं

दार उघडल्यापासून पानं घेईपर्यंतचा वेळ सगळ्यात नाजूक. ऑफिस अंगावरून उतरलेलं नसतं, घर अंगावर आलेलं असतं आणि स्वयंपाकघर तीन पावलांवर असतं. वन-बीएचकेमध्ये तर दारातूनच ओट्यावरचे डबे दिसतात. इथे निर्धारापेक्षा क्रम उपयोगी पडतो. बॅग ठेवली की थेट न्हाणीघर. हात-पाय-तोंड धुवा, कपडे बदला, पाणी प्या आणि दहा मिनिटं खिडकीत किंवा गॅलरीत बसा. आपल्या जुन्या घरांत बाहेरून आल्यावर पाय धुवून आत यायची रीत होती. स्वच्छतेबरोबर थोडी उसंतही मिळत असावी. हे झाल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही एवढा एकच नियम.

फरसाण, खारी, बिस्किटं ओट्यावरून हलवा. वरच्या फडताळात, न दिसणाऱ्या डब्यात ठेवा. फेकून देऊ नका आणि घरातून हद्दपारही करू नका. घरात मुलं असतात, पाहुणे येतात आणि बंदी आली की ओढ दुप्पट होते. फक्त किलोचा पुडा आणण्याऐवजी पाव किलो आणा. हाताशी दिसेल असं फळ, भाजलेले मखाणे, चुरमुरे ठेवा. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचं काय करायचं, असं हल्ली सगळे विचारतात. काढून टाकलेलं अ‍ॅप रात्री अकराला परत बसवता येतं, त्यामुळे त्याने फारसं साधत नाही. त्याऐवजी त्यातलं साठवलेलं कार्ड काढा आणि नोटिफिकेशन बंद करा. नंबर टाकायला उठून पाकीट आणावं लागलं की निम्म्या ऑर्डरी तिथेच गळतात.

मग घरची माणसं. सासूबाईंनी प्रेमाने बेसनाचे लाडू केलेले असतात आणि 'एकाने काय होतंय' हा आग्रह असतो. तिथे आहारशास्त्र सांगत बसू नका. "आई, लाडू मस्त झालेत, वासावरूनच कळतंय. तुम्ही माझ्यासाठी एक बाजूला ठेवा, जेवण झाल्यावर खाते," एवढं पुरतं. आणि जेवल्यावर खरंच खा, नाहीतर उद्या तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

नवऱ्याला किंवा बायकोला स्पष्ट सांगायची गोष्ट वेगळी. "मी डबा उघडला की 'परत?' असं म्हणू नकोस. त्यापेक्षा कुकर लवकर लाव, साडेआठला जेवू." पहारा ठेवल्याने खाणं थांबत नाही, ते चोरून व्हायला लागतं. आणि लग्नकार्यात भेटून 'जाडी झालीस गं' म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना सुधारणं आपल्या हातात नाही. त्या दिवशी घरी आल्यावर खा-खा सुटेल हे आधीच धरून चला.

लाट येते त्या वेळी

पोट भरलेलं आहे, वेळेवर खाल्लंय, तरीही ओढ लागली. आता खरा ताण. ही ओढ चढते, शिगेला पोचते आणि तिला खतपाणी घातलं नाही तर बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं लगेच ऐकायचंही नाही. 'खायचं नाही' असं म्हणण्याऐवजी 'पंधरा मिनिटांनी ठरवेन' असं म्हणा, आणि त्या पंधरा मिनिटांत काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. लाट आल्यावर सुचत नाही.

एक सावधगिरी आधी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि अचानक घाम, थरथर, धडधड आणि प्रचंड भूक असं एकदम सुरू झालं, तर साखर खाली गेलेली असू शकते. तेव्हा थांबायचं नाही, श्वास मोजायचे नाहीत. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर वाट न बघता तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डॉक्टरांना कळवा.

बाकीच्यांसाठी उपाय भावनेप्रमाणे बदलतो. सगळ्या ताणांवर एकच उतारा देणाऱ्या याद्यांचा म्हणूनच उपयोग होत नाही.

राग असेल तर शरीर हलवा. बॉसचा मेल वाचून आलेला राग बसून श्वास घेतल्याने आणखी भडकतो, असा बऱ्याच जणांचा अनुभव. जिने चढा-उतरा, बादलीभर कपडे हाताने धुवा, किंवा खाली उतरून पंधरा मिनिटं झपाझप चाला. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या प्रयोगांत नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांना पंधरा मिनिटं भरभर चालायला लावलं, तेव्हा बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांची ओढ कमी झालेली दिसली. चालायचं कुठे हेही बघायला हवं. ठाण्यात तलावपाळी सुंदर आहे, पण संध्याकाळी तिथे चौफेर भेळ, पाणीपुरी आणि पावभाजीच्या गाड्या लागतात. ताण उतरवायला जाऊन प्लेट हातात घेऊन परतायची वेळ येते. त्यापेक्षा पाचपाखाडीचा कचराळी तलाव बरा. उपवनही चांगलं, फक्त शनिवार-रविवारी गर्दी टाळा. वाशीकरांना सागर विहार, नेरुळकरांना ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरला सेंट्रल पार्क. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारा, मोबाइल घरी ठेवून.

काळजी असेल, म्हणजे ईएमआय, आईचे रिपोर्ट, मुलाचे मार्क, तर डोक्यात फिरणारं कागदावर उतरवा. वाक्यं नीट नको, खरडलं तरी चालेल. शेवटी एक ओळ: उद्या यातलं मी काय करू शकते? मग श्वास. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची गती मंदावते आणि शरीराला धोका टळल्याचा निरोप मिळतो. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, गाडीत उभ्या उभ्याही जमतं.

कंटाळा आणि पोकळी यांच्यावर मात्र हाताला आणि डोळ्यांना एकदम काम देणं सगळ्यात भारी पडतं. हवा असलेला पदार्थ आपण आधी मनात बघतो: गरम भजी, वरची मिरची, तेलाचा वास. ते चित्र रंगत गेलं की ओढ वाढते. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ खेळायला दिला आणि त्यांची ओढ कमी झाली. डोळे ठोकळ्यांत गुंतले की भजीचं चित्र रंगवायला मेंदूत जागा उरत नाही. मातीच्या गोळ्याला आकार देण्याचाही असाच परिणाम दिसला आहे. आपल्याकडे यासाठी खेळ डाउनलोड करायची गरज नाही. रांगोळीचे ठिपके जोडा, मेथी निवडा, क्रोशाची सुई घ्या, मुलाच्या चित्रकलेच्या वहीत रंग भरा. रील्स मात्र यात मोडत नाहीत. बोट हलतं, पण हात रिकामा राहतो आणि दर चौथ्या रीलमध्ये चीज वितळत असतं.

एकटेपणा असेल तर माणूस हवा. नवी मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी, सोलापूर-नांदेडकडून नोकरीसाठी आलेली मुलं-मुली रात्री जे मागवून खातात, त्यातलं बरंचसं सोबतीसाठी असतं. घरी फोन करा. 'जेवलास का?' एवढंच आईने विचारलं तरी काही जणांची लाट उतरते. रोज फोन करणं अवघड वाटत असेल तर एक मैत्रीण ठरवा आणि तिला आधीच सांगून ठेवा: "मी 'लाट' असा मेसेज टाकला की दोन मिनिटं बोल माझ्याशी, उपदेश नको."

आणि थकवा असेल तर झोपा. या वाक्याला लोक हसतात. रात्री साडेदहानंतरची बहुतेक खा-खा ही झोपेची हाक असते. बाळाला झोप आली की ते रडतं, मोठी माणसं फ्रिज उघडतात. शेवटचा चहा-कॉफी संध्याकाळी पाचच्या आत घ्या. कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही अंगात असतो. रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांनी निघण्यापूर्वी घरी पूर्ण जेवावं, मध्यरात्रीच्या सुमारास हलका डबा खावा, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात लागणारी 'भूक' संशयाने बघावी. त्या तासांत शरीराची झोप सर्वांत जोरात असते. तोंड धुवून उजेडात दहा मिनिटं चालून बघा, आणि ऑफिसात परवानगी असेल तर वीस मिनिटांची डुलकी घ्या. कॅन्टीनच्या मॅगीपेक्षा ती जास्त कामाला येते.

पंधरा मिनिटं झाली आणि अजूनही खावंसं वाटतंय? मग खा. वाटीत काढून, बसून, टीव्ही-मोबाइल बंद ठेवून. पुड्यातून थेट खाऊ नका. पहिले तीन-चार घास सावकाश, चव घेत. गंमत अशी की नीट लक्ष देऊन खाल्लं की काही पदार्थ आपल्याला वाटतात तितके आवडतच नाहीत. स्वस्त क्रीम बिस्किटांची चौकशी एकदा अशी करून बघा.

भरपूर खाणं झालंच तर

होणार. अप्रेझलच्या आठवड्यात, जुलैत रुळांवर पाणी साचून गाडी तासभर अडकली त्या रात्री, गौरी-गणपतीच्या धावपळीत होणारच. त्या वेळी पुढचा एक तास कसा जातो हे महत्त्वाचं. स्वतःला शिव्या दिल्या की ताण वाढतो आणि ताणावर ज्ञात उपाय एकच, डबा. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाण्यावर बंधन ठेवणाऱ्या तरुणींना आधी डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना 'स्वतःवर चिडू नका, हे सगळे जण खातात' अशा अर्थाचे दोन शब्द सांगितले गेले. नंतर गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली, तेव्हा हे शब्द ऐकलेल्यांनी कमी खाल्ली.

म्हणून: ताट उचला, तोंड धुवा, झोपायला जा. दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवू नका, शिक्षा म्हणून ट्रेडमिलवर तासभर घाम गाळू नका, लिंबू-मधाच्या पाण्यावर दिवस काढू नका. नेहमीचे पोहे, नेहमीचा डबा, नेहमीचं पाचचं खाणं.

ताण तिथेच राहिला तर

वरचं सगळं करूनही रोज संध्याकाळी लाट येतच असेल, तर ती लाट काहीतरी सांगतेय. दोन-दोन तासांचा प्रवास, घरातल्या आजाऱ्याची सगळी सेवा एकटीवर, कामाच्या वेळेनंतरही वाजणारा ऑफिसचा ग्रुप. यावर फुटाणे हा उपाय नाही. आठवड्यातून एक दिवस घरून काम मागता येतं का, दिराने-नणंदेने दवाखान्याच्या दोन फेऱ्या वाटून घ्याव्यात असं बोलता येतं का, ग्रुप आठनंतर म्यूट करता येतो का, यातली एक गोष्ट निवडा आणि त्यावर बोला. सगळी एकदम नको. बायकांना हे बोलणं खाणं सोडण्यापेक्षा अवघड जातं, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून तर इतकी वर्षं डब्यावर भागलेलं असतं.

आणि काही वेळा हे घरच्या उपायांच्या पलीकडे गेलेलं असतं. थोड्या वेळात खूपच खाल्लं जातं, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, लाज वाटते म्हणून एकट्याने, आणि नंतर स्वतःची किळस वाटते. असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळालं आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं ओकून काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं सुरू झालं असेल तर तीन महिने मोजत बसू नका. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे समुपदेशन होतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि १९०१ पासूनचं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी वाट. मनोरुग्णालयाच्या नावाने ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या विनोद चालत आले आहेत, पण बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन संध्याकाळी घरी परतणारे लोक त्या विनोदांत येत नाहीत, त्यामुळे ते असतात हेच कुणाला माहीत नसतं.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. स्टिरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, उदाहरणार्थ ओलान्झापिन किंवा मिर्टाझापिन, भूक वाढवतात. अशा वेळी दोष तुमच्या मनाचा नसून गोळीचा असतो आणि डॉक्टर पर्याय बघू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. थायरॉइड आणि साखरेचे जुने रिपोर्ट असतील तर तेही घ्या. आणि डॉक्टरांनी 'फक्त वजन कमी करा' एवढंच सांगून पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.